रस्त्याच्या टोकाचा फुगा

हनुवटी इथे ठेवा. कपाळ पट्टीला टेकवा.
आत एक सरळ रस्ता दिसेल, दोन्हीकडे हिरवं रान,
टोकाला फुगा, गरम हवेचा.
त्याच्याकडे बघत राहा.
आधी धूसर होईल, मग स्पष्ट.
ते यंत्र करतं, तुम्ही नाही.

दिवसाला तीस माणसं धाडते मी त्या रस्त्यावर.
फुग्यापर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.

थंडर बे. जानेवारी. बाहेर उणे अठ्ठावीस,
म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या चष्म्यावर वाफ धरते
आणि माणसं दारातच थबकतात, हात पुढे करून,
मिनिटभर सगळेच आंधळे.
मला ते मिनिट आवडतं.

मी डॉक्टर नाही.
मी थेंब घालते, बुबुळावर हवेची फुंकर मारते,
जुन्या भिंगांचे नंबर काढते,
नाकाच्या पॅडखालचा हिरवा मळ साफ करते
आणि कुणी विचारलं, कसं आहे हो, तर म्हणते,
डॉक्टर सांगतील.
झोपेतही म्हणते म्हणे.

मंगळवारी ऊर्हो लेहतिनेन आले. वय एक्क्याऐंशी.
चाळीस वर्षं बंदरावर धान्याच्या कोठारांत,
बोटींच्या पोटात गहू ओतायचं काम.
कान मात्र शाबूत.
"शेवटची ओळ," मी म्हटलं.
व्ही, झेड, एन, एच, सी,
पाढा म्हणावा तशी, एका दमात.
नजर तक्त्याच्या डावीकडे, दिव्याच्या बटणावर.

दाराबाहेरच्या खुर्चीत आतलं सगळं ऐकू येतं.
त्यांच्या आधी मिसेस काच्मारेक होत्या,
त्या अक्षरं वाचतात चर्चमधल्यासारखी,
मागच्या बाकापर्यंत पोचली पाहिजेत अशी.

माझ्या अंगठ्याखाली एक कळ आहे.
दाबली की अक्षरं बदलतात.
न दाबताही लिहिता येतं: वीस-वीस, सही, पुढचा पेशंट.
निपिगन इथून शंभर किलोमीटर.
बायको तिथल्या वृद्धाश्रमात,
यांचं नाव विसरली, पिकअपचा आवाज ओळखते,
हे त्यांनी कोट काढता काढताच सांगितलं होतं.
त्याच रस्त्यावर मूस उभे राहतात, अंधाराच्याच रंगाचे.
शाळेची बसही असते.

डोळेझाक या खोलीत
फक्त पेशंटने करायची असते,
एका वेळी एक डोळा, काळ्या चमच्याने.

दाबली.

बराच वेळ काही नाही. हीटरची घरघर.
मग म्हणाले, "ही ओळ बाई वाचून गेल्या नाहीत वाटतं."
आणि हसले. मीही हसले.
थांबायचं कुणी आधी, ते दोघांनाही कळेना.

आकडा लिहिला. वळणदार अक्षरात,
त्यांना वाचता येणार नव्हता तरी.
डॉक्टर पेल्त्ये बारा मिनिटं बोलले, दार लावून.
परवान्याचं जे काय, ते तेव्हाच झालं असणार.
बाहेरच्या खुर्चीत तेव्हा कुणी नव्हतं.

थेंबांनी बाहुल्या पसरलेल्या, गाडी चालवायची नाही.
सोबत कुणाला तरी आणा, असं फोनवर सांगितलं होतं.
"आणलंय की," म्हणाले,
आणि खिशातून किल्ली काढून दाखवली.

साडेपाचला दिवे मालवले तर ते अजून तिथेच,
कागदी काळा चष्मा लावून, अंधारात.
"माझी गाडी पाच मिनिटांत गरम होते," मी म्हटलं.
बोलले नाहीत. कोट चढवला,
एकेक बटण बोटांनी मोजत, वरचं चुकलं.

सरळ रस्ता. दोन्हीकडे बर्फाचे ढीग.
टोकाला सिग्नलचा लाल गोळा,
त्यांच्या बाहुल्यांत केवढा झाला असेल कोण जाणे.
"तो फुगा," त्यांनी विचारलं,
"आत कुणी असतं का त्याच्यात?"

पंधरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
डॉक्टर सांगतील, असं अगदी ओठांवर आलं होतं.
सिग्नल हिरवा झाला.
"रविवारी," मी म्हटलं, "किती वाजता निघता?"